पाकिटावरचं 'ओआरएस' खरं झालं. आता ते मागणार कोण?

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव असो, निपाणी असो, इंदूर असो की हैदराबाद, मेडिकलच्या काउंटरवर एक संवाद हमखास ऐकू येतो. "काका, पोराला सकाळपासून जुलाब लागलेत, काहीतरी द्या." काका पातळ औषधाची एक बाटली काढतात, एखादी गोळी देतात आणि वर एक थंडगार टेट्रा पॅक ठेवतात. "हे पाजा ताई, तरतरी येईल."

त्या टेट्रा पॅकवर गेली कित्येक वर्षं 'ओआरएस' ही अक्षरं कुठल्या ना कुठल्या रूपात छापलेली असायची. आत मात्र ओआरएस नसायचं. फळांच्या चवीचं गोड पेय असायचं. घेणाऱ्या आईला वाटायचं, आपण पोराला औषध पाजतोय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हा प्रकार थांबवणारा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात किंवा लेबलवर 'ओआरएस' हा शब्द चालणार नाही, मागे-पुढे काही जोडूनसुद्धा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. नाव खरं झालं, ही चांगली बातमी आहे. पण जुलाबाने पोर दगावू नये यासाठी एवढं पुरेल का, हा प्रश्न शिल्लक आहे. आणि त्याचं उत्तर काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात बरंच आहे.

आदेश आला कसा

या लढ्याचं केंद्र हैदराबाद होतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी जवळपास आठ वर्षं हा विषय लावून धरला. जुलाब लागलेल्या मुलांना अशी पेयं पाजली जातात आणि ती बरी होण्याऐवजी आणखी आजारी पडतात, ही त्यांची तक्रार होती. पत्रव्यवहार झाला, समाजमाध्यमांवरून त्यांनी पालकांना सावध केलं आणि २०२२ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल केली.

प्राधिकरणाची स्वतःची वाट मात्र वळणावळणाची राहिली. एप्रिल २०२२ मध्ये त्याने 'ओआरएस' शब्दावर निर्बंध घातला. त्याच वर्षी १४ जुलैला तो सैल केला. ब्रँडच्या नावात हा शब्द पुढे-मागे जोडून वापरा, पण 'हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही' अशी सूचना लेबलवर छापा, अशी सवलत दिली. २ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने ती सवलत पुढे चालू राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे दोन्ही आदेश मागे घेतले गेले.

कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. एका कंपनीला काही दिवसांचा दिलासा मिळाला, दुसरीच्या बाबतीत ३१ ऑक्टोबरला न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने सगळ्या राज्यांना कळवलं की दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून असा माल काढून टाका.

आता त्या सूचनेचा विचार करा. नाव मोठ्या अक्षरात, 'हे ते नाही' ही ओळ बारीक अक्षरात. अन्नपदार्थाचं लेबल नियमाप्रमाणे इंग्रजीत किंवा हिंदीत असलं तरी भागतं. रात्री अकरा वाजता आजारी नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आजीने ती ओळ वाचावी, अशी ती व्यवस्था होती. ती चालणार नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. तरीही तीन वर्षं ती चालू राहिली.

गोड पेय पाजलं तर बिघडतं काय?

जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळे थेट नव्हे, तर अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. लहान मुलाचं वजनच मुळात कमी. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून एक लिटर पाणी गेलं तर वजनाचा दहावा हिस्सा गेला. एवढं पाणी गेलं की जीव धोक्यात येतो. मोठ्या माणसाला जे दोन दिवसांत होतं ते बाळाला काही तासांत होऊ शकतं.

मग नुसतं पाणी पाजलं तर? ते आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि गेलेले क्षारही भरून येत नाहीत. इथे ओआरएसची युक्ती कामाला येते. आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारी एक वाट असते. ही दोघं आत गेली की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणजे मिठासोबत थोडी साखर द्यायची ती ताकदीसाठी किंवा चवीसाठी नव्हे, मिठाला आणि पाण्याला आत ओढून नेण्यासाठी.

म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं. सध्याच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. साखर यापेक्षा फार वाढली की उलटंच घडतं. न शोषलेली साखर आतड्यात पडून राहते आणि शरीरातलं पाणी आतड्याकडे खेचते. जुलाब वाढतात. बाटलीतल्या कोलामध्ये लिटरमागे साधारण १०० ग्रॅमच्या वर साखर असते. फळांच्या चवीची पेयंही याच जातकुळीतली.

फरक किती नाजूक आहे हे ओआरएसच्याच इतिहासात दिसतं. जुन्या सूत्रात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज होतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते १३.५ वर आणलं आणि मीठही कमी केलं, कारण पातळ द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी होतात आणि सलाईन लावायची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटते असं दिसून आलं होतं. जिथे विसावरून साडेतेरावर आल्याने एवढा फरक पडतो, तिथे शंभर ग्रॅमचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

सीमेवरच्या छावणीत सिद्ध झालेलं औषध

ओआरएसची खरी परीक्षा झाली तीही एका सीमेवरच. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. सीमेलगतच्या बनगावच्या इस्पितळात जमिनीवर रुग्ण पसरलेले होते. सलाईन संपत आलं होतं आणि ते लावायला हातही कमी पडत होते.

तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्यांत भरलं, ते पाण्यात कालवून पिंपात ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता. या उपचाराखालच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत तो ३.६ टक्क्यांवर आला. पुढे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बनगावने दाखवून दिलं ते एवढंच, की आई, आजी, शेजारीण, कुणीही हे औषध देऊ शकतं. पन्नास वर्षं झाली. तरी आपल्याकडे जुलाब झाले की पहिली मागणी असते, "डॉक्टर, सलाईन लावा." सलाईनचं पैशाचं गणित आहेच, पण ते लावलं म्हणजे 'खरा' इलाज झाला ही भावना त्याहून पक्की आहे. पाकिटातल्या पावडरीला तो मान नाही.

कर्नाटकात काय आढळलं

डॉक्टरांना ओआरएस ठाऊक नाही असं नाही. मग ते का लिहून देत नाहीत? या प्रश्नावर कर्नाटक आणि बिहारमध्ये एक मोठा अभ्यास झाला. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २५३ गावा-शहरांतल्या दोन हजारांहून जास्त खासगी दवाखान्यांत आणि औषध देणाऱ्यांकडे प्रशिक्षित माणसं पालक बनून गेली. सगळ्यांची गोष्ट एकच होती. घरी दोन वर्षांचं मूल आहे आणि त्याला जुलाब लागलेत.

निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. ओआरएस न देण्यामागे साठा नसणं हे कारण अवघं ६ टक्के. दुसऱ्या औषधात जास्त पैसे मिळतात हे कारण ५ टक्के. सर्वांत मोठं कारण, ४२ टक्के, हे की 'पेशंटला ओआरएस नकोच असतं' अशी देणाऱ्याची समजूत. साधी पावडर दिली तर पेशंट नाराज होईल, दुसरीकडे जाईल, म्हणून तो काहीतरी 'भारी' देतो.

आणि याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आशा देणारी आहे. पालक बनून गेलेल्यांनी जिथे ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवला आणि हे हवंय असं सुचवलं, तिथे ओआरएस मिळण्याचं प्रमाण २७ टक्के गुणांनी वाढलं. कायदा नाही, अनुदान नाही. नुसतं मागितलं म्हणून.

इथे दोन्ही धागे जुळतात. माणसाने मागावं, तर नाव खरं हवं. नाव खोटं असताना 'ओआरएस द्या' म्हणणारी शहाणी आईसुद्धा गोड पेय घेऊन घरी जायची. ऑक्टोबरच्या आदेशाने ही फसगत बंद व्हायला हवी. पण नाव खरं झाल्यावरही कुणी मागितलंच नाही, तर आदेश कागदावरच राहील.

राज्य बदललं की यंत्रणा बदलते

आदेश केंद्राचा असला तरी दुकानात जाऊन माल तपासायचा तो त्या त्या राज्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी. कोल्हापुरात महाराष्ट्राची यंत्रणा, बेळगावात कर्नाटकाची, पणजीत गोव्याची, इंदुरात मध्य प्रदेशची. आजारपण मात्र ही सीमा मानत नाही. चंदगडचा माणूस दवाखान्यासाठी बेळगावला येतो, दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीला जातो. एका बाजूला तपासणी कडक आणि दुसऱ्या बाजूला ढिली असली तर जुना माल ढिल्या बाजूला खपतो, हा सीमाभागातला जुनाच अनुभव आहे.

ज्यांना हे औषध सर्वांत जास्त लागतं त्यांची अडचण आणखी वेगळी. 'डायरिया रोको' मोहिमेत आशाताई पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी ओआरएस आणि झिंक फुकट पोचवतात. पण बीडकडून बेळगाव भागातल्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचं काय? पोराचं नाव गावाकडच्या यादीत आणि पोर मात्र दुसऱ्या राज्यातल्या फडावर, पाणी कॅनॉलचं नाहीतर टँकरचं. अशा पालांपर्यंत पाकिटं पोचवणं हे दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांना एकत्र बसल्याशिवाय जमणार नाही.

देशाचं चित्र काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. आधीच्या पाहणीत हा आकडा ५०.६ होता. सुधारणा आहे. पण अजून दहातल्या चौघांना काही रुपयांचं हे पाकीट मिळत नाही. झिंक तर दहातल्या तिघांनाच मिळतं.

पाकीट ओळखायचं कसं, द्यायचं कसं

खरं ओआरएस हे औषध आहे. त्याच्या पाकिटावर 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स' आणि पुढे 'आय.पी.' असं लिहिलेलं असतं, औषध बनवण्याच्या परवान्याचा क्रमांक असतो, घटकांचं प्रमाण असतं. एफएसएसएआयचं चिन्ह असेल तर ते अन्नपदार्थ म्हणून विकलं जाणारं पेय आहे, जुलाबाचं औषध नव्हे.

मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलीसाठी. उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदमच टाकायचं. अर्धं आता, अर्धं नंतर असं केलं की प्रमाण बिघडतं. त्यात साखर, दूध, सरबत घालायचं नाही आणि कालवल्यावर उकळायचंही नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली आणि त्याहून मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली म्हणून थांबायचं नाही. दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग चमच्या-चमच्याने द्यायचं. बहुतेक घरांत इथेच धीर सुटतो. "पोटात काही ठरतच नाही," म्हणून पाजणं बंद होतं आणि पोर सुकतं.

ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, हेही माहीत हवं. त्याचं काम अंगातलं पाणी राखणं. जुलाब आपल्या वेळेने थांबतात. ते लवकर थांबावेत आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत होऊ नयेत यासाठी मुलांना झिंक देतात. सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, ते जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचं पाणी यांचाही उपयोग होतो. गोव्यात आणि कोकणात पेज ही आजारपणाची ठरलेली सोबत आहे, ते शहाणपण टिकवण्यासारखं आहे. अंगावरचं दूध आणि नेहमीचं मऊ जेवण मात्र चालूच ठेवायचं. 'पोटाला विश्रांती द्या' म्हणून उपाशी ठेवलं की मूल आणखी खंगतं.

जुलाब 'बांधणाऱ्या' गोळ्या लहान मुलांना देऊच नयेत. अँटिबायोटिकही बहुतेक जुलाबांत लागत नाही, कारण मुलांमध्ये विषाणूंमुळे होणारे जुलाब भरपूर असतात. शौचात रक्त पडत असेल किंवा पटकीचा संशय असेल तर डॉक्टर ते ठरवतील.

काही खुणा दिसल्या तर घरी थांबायचं नाही. मूल सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, पिऊ शकत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते, सहा तासांत लघवी नाही, उलट्या थांबत नाहीत, शौचात रक्त आहे, असं काहीही असेल तर तडक दवाखाना गाठायचा. वाटेतही ओआरएस चालू ठेवायचं. अशा वेळी सलाईन खरोखर लागतं. वयस्कर माणसं आणि मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टरांना लवकर विचारलेलं बरं.

पाकीट पाण्याची जागा घेत नाही

इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. देशात स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या येणाऱ्या या शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं, शेकडो लोक जुलाब-उलट्यांनी आजारी पडले आणि काही दगावले. रस्ते झाडले गेले तरी जमिनीखालची पाइपलाइन फुटकी असेल तर घरात विष येतं, हा त्याचा धडा.

म्हणून नळाच्या पाण्याला वास आला, रंग बदलला, गल्लीत एकाच वेळी तीन-चार घरांत जुलाब लागले, तर त्याच दिवशी नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवायला हवं. टाकीत टीसीएल पावडर पडते का, पाण्याचा नमुना तपासला का, हे विचारायला हवं. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारे रोटाव्हायरस लसीचे थेंब चुकवू नयेत. या लसी आपल्याच शेजारी, हैदराबाद आणि पुण्यात, तयार होतात.

सरकारची कामं सरकारने करायची आहेत आणि त्यांचा पाठपुरावा करायलाच हवा. पण आज रात्री कुणाच्या घरी पोर आजारी पडलं तर उपयोगी पडणारी गोष्ट लहानशी आहे. घरात दोन पाकिटं आणि झिंकची एक पट्टी ठेवलेली असावी. आणि काउंटरवर "काहीतरी द्या" म्हणण्याऐवजी एवढंच म्हणावं: "काका, ओआरएसची पावडर द्या, आय.पी. लिहिलेली. आणि झिंक."